कर्मणी म्हणजे पॅसिव्ह नव्हे

'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे आपला कर्मणी प्रयोग' असे सांगून तास पुढे रेटण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. शेवगावसारख्या ठिकाणच्या मुलांचे इंग्रजी जेथे अडते, त्यातली एक गाठ ह्याच वाक्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

'रामाने आंबा खाल्ला, रामाने कैरी खाल्ली.' क्रियापद कर्माप्रमाणे बदलले म्हणून प्रयोग कर्मणी. पण खाणारा राम पुढेच उभा आहे! इंग्रजीत ह्याचे सरळ 'राम एट अ मँगो' होते. पॅसिव्हमध्ये कर्त्याला मागे सारायचे असते. त्याच्या जवळचे आपले वाक्य 'आंबा रामाकडून खाल्ला गेला'. व्याकरणकार त्याला नवीन कर्मणी म्हणतात. घरात मात्र असे कोणी बोलत नाही. ते भेटते नोटीस बोर्डावर: 'उशिरा आलेले अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.'

चिनी विद्यार्थ्यांची अडचण निराळी. त्यांच्या भाषेत क्रियापदाचे रूप बदलत नाही. पॅसिव्हसाठी 'बेई' हा शब्द आहे, पण परंपरेने तो बहुधा काही वाईट घडले तरच येतो. एरवी 'पत्र पाठवले' एवढ्यावर भागते. म्हणून ते 'द लेटर हॅज सेंट' लिहून जातात. उलट 'अॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड' हे वाक्य त्यांच्याप्रमाणे आपल्याही वह्यांत सापडते. अपघात हा काही कर्ता नव्हे, हे मनाला कळते, मग हात आपोआप 'वॉज' लिहितो. चूक खरी, पण अडाणीपणाची नव्हे.

जायकवाडीची पायाभरणी 1965 साली झाली, उद्घाटन 1976 साली. आपल्या तालुक्यातल्या काही गावांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. आपण म्हणतो, 'जमीन धरणात गेली.' जणू ती आपल्या पायांनी गेली! नातवाने इंग्रजी अर्जात 'लँड वेंट इन डॅम' लिहिले, तर जमीन घेतली कोणी हे कागदावर उमटतच नाही. तेथे 'वॉज अक्वायर्ड' हवे, आणि पुढे 'बाय द गव्हर्नमेंट' हेही हवे. 'राम किल्ड रावण' शंभरदा उलटेपालटे करून हे येत नाही.

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही पदवीच्या वर्गात आपण तीच वाक्ये उलटत बसतो. प्राध्यापकांना विनंती आहे, की एखादा तास भूसंपादनाची नोटीस फळ्यावर लिहून घ्यावा, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारावे: हे केले कोणी?