क्विक ब्रेडचं कौतुक आणि भाकरीचा हात

परवा बहिणीच्या नातवाचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "आजी, काही म्हण, लॉकडाऊनमध्ये आम्ही मुलगे स्वयंपाक शिकलो!" मी "हो रे बाबा" म्हटलं खरं, पण मनाला पटलं नाही. का पटलं नाही, ते आज लिहून टाकते. नातेवाईक मंडळींनी राग मानू नये. मानलात तरी चालेल!

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. त्याच्या आदल्या आठवड्यात मुलगा, सून आणि नातू पुण्याहून फलटणला आले होते, ते इथेच अडकले. बेकरी कधी उघडी, कधी बंद. यीस्ट तर मिळेचना. मग यीस्टशिवायचा पाव, म्हणजे 'क्विक ब्रेड', आमच्या घरात शिरला. मुलाने केळी कुस्करली, सोडा घातला. ओव्हन नाही म्हणून कुकरची रिंग आणि शिट्टी काढली, तळाशी मीठ पसरलं आणि त्यावर डबा ठेवला. ब्रेड छान झाला होता, खोटं कशाला बोलू? त्याचे फोटो गावभर गेले आणि दिवसभर कौतुकाचे फोन. त्याच सकाळी मी बारा भाकरी थापल्या होत्या. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. आणि तो ब्रेडचा डबा सुनेने घासला.

आता जरा मास्तरकी करते, सवय जात नाही. सोड्याला दही-ताकासारखं काही आंबट भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगतं. बेकिंग पावडरमध्ये हे आंबट द्रव्य आधीच मिसळलेलं असतं. १८४३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने अशी पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. भला माणूस! निदान घरातल्या माणसाच्या पोटाचा विचार करून तरी कामाला लागला.

भाकरीत ना यीस्ट, ना सोडा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून कढत पाणी घालायचं. त्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापता येते. ती फुगते नुसत्या वाफेवर. पीठ जुनं असलं, विरी गेली, की थापताना कडेने चिरा पडतात. मग परातीतून उचलून तव्यावर टाकणं, वरून पाणी फिरवणं, नेमक्या वेळी उलटणं... ह्याला हात लागतो, आणि तो रोज करूनच बसतो. क्विक ब्रेड मापाने कालवला, डब्यात ओतला, की झाला. मग सांगा, झटपट पाव खरा कुणाचा आणि कौतुक कुणाचं?

कुणी म्हणेल, सुरुवात तरी झाली ना! मीही तेव्हा तेच म्हटलं होतं. पण कचेऱ्या उघडल्या, मंडळी पुण्याला परतली आणि डबा माळ्यावर गेला. पुरुषांना वेळ नसतो हे कारण आपण आयुष्यभर ऐकलं. त्या महिन्यांत वेळच वेळ होता! तरी परातीपुढे कुणी बसलं नाही. कारण ब्रेड हा छंद आणि भाकरी हे काम. छंदाला टाळ्या मिळतात, काम बायकांच्या वाट्याला येतं.

ह्यात माझीही चूक आहे. आमच्याच सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या बोर्डिंगात मुलं स्वतःच्या हाताने स्वयंपाक करत. स्वावलंबनाचा हा धडा मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. आणि घरी? मुलगा ओट्यापाशी आला की "जा, अभ्यास कर" म्हणून हाकलला. मुलगी असती तर परात पुढे सरकवली असती, हेही कबूल करते.

आता माझी मनगटं सुजतात. भाकरी थापणं डॉक्टरांनी बंद केलंय. मागच्या दिवाळीला सगळे जमले होते. केळ्याचा ब्रेड येणारे त्यात चौघे. भाकरी येणारं एकही नाही! शेवटी पोळी-भाकरी केंद्रातून विकत आणली. सगळे जेवले, वर "आजी, तुझ्या हातची सर नाही" असंही म्हणाले. मला ते कौतुक नको होतं. कुणीतरी "शिकव" म्हणायला हवं होतं.

असो. हात चालत नसला तरी तोंड अजून चालतं, शेजारी बसून शिकवता येईल. मे महिन्यात याल तेव्हा परात, ताजं दळलेलं पीठ आणि कढत पाणी तयार ठेवते. आधी मुलग्यांनी बसायचं. पहिल्या दहा भाकऱ्या नकाशासारख्या होतील, त्या मी खाईन. परात मात्र ज्याची त्याने घासायची. आणि येताना केळी आणू नका!