कोय, कलम आणि साल

आंब्याच्या कोयीत भ्रूण किती असतात, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाने या फळाचा जगभरचा प्रवास आणि आजचा व्यापार बऱ्याच अंशी ठरवला आहे. ईशान्य भारत, बांगलादेश आणि म्यानमार यांच्या सीमावर्ती पट्ट्यात उगम पावलेल्या या वृक्षाच्या लागवडीतील जातींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. फिलिपिन्स, थायलंड, इंडोनेशिया या देशांतील बहुतेक जाती बहुभ्रूणी आहेत, म्हणजे त्यांच्या एकाच कोयीतून अनेक रोपे उगवतात आणि त्यांतील बहुतेक रोपे परागीभवनातून नव्हे, तर मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार झालेली असल्याने हुबेहूब आईवर जातात. भारतीय उपखंडातील बहुतेक जाती मात्र एकभ्रूणी आहेत. त्यांच्या कोयीत आई आणि बाप अशा दोन्ही झाडांचे गुण घेऊन आलेला एकच भ्रूण असतो, त्यामुळे हापुसाची कोय रुजवली तरी उगवणारे झाड हापूस निघत नाही. कोकणात ज्याला रायवळ म्हणतात, तो झाडागणिक चव, आकार आणि रेषा बदलणारा आंबा याच नियमाचे फळ आहे.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा होता. आग्नेय आशियातील आंबा कोयीच्या रूपाने खलाशाच्या गाठोड्यातूनही जाऊ शकत होता, तर भारतीय आंबा आपल्या गुणांसह न्यायचा तर जिवंत झाडच न्यावे लागत होते. फिलिपिन्सहून पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोला जाणाऱ्या स्पॅनिश गलबतांतून जो आंबा तेथे पोहोचला, तो आजही तेथे ‘मनिला’ याच नावाने विकला जातो. १७८२ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या ‘फ्लोरा’ या युद्धनौकेने हिंदी महासागरातील मॉरिशसकडून कॅरिबियनकडे रोपे घेऊन निघालेले एक फ्रेंच जहाज पकडले आणि ती रोपे जमैकात उतरवली. रोपांवर नावांऐवजी क्रमांक होते, आणि त्यांतील अकराव्या क्रमांकाच्या आंब्याचा वंश जमैकात अजूनही ‘नंबर इलेव्हन’ म्हणूनच ओळखला जातो.

एकभ्रूणी आंब्याचे गुण टिकवण्याचा उपाय म्हणजे कलम, आणि आंब्यावर तो पद्धतशीरपणे, मोठ्या प्रमाणावर वापरण्याचे श्रेय सोळाव्या शतकातील गोव्याच्या पोर्तुगीज धर्मोपदेशकांना, विशेषतः जेझुइटांना दिले जाते. ही रीत भेट कलमाची होती. कुंडीतले कोयीचे रोप निवडक झाडाच्या फांदीजवळ नेऊन दोघांवर सारखे काप घ्यायचे, ते काप एकमेकांना भिडवून घट्ट बांधायचे, आणि जोड जुळून आला की जोडाच्या वर रोपाचा शेंडा व जोडाच्या खाली मातृवृक्षाची फांदी छाटून नवे झाड वेगळे करायचे. असे केल्याने एकदा पसंत पडलेले झाड शेकडो वर्षे जिवंत ठेवता येते. देवगडातले असो वा रत्नागिरीतले, हापुसाचे आजचे प्रत्येक कलम ही त्या काळी कोणाच्या तरी जिभेला भावलेल्या झाडाचीच लांबत आलेली फांदी आहे. गोव्यात या निवडींना माणसांची नावे मिळाली, अफोन्सो, फर्नांदिन, हिलारियो, शावियर. अफोन्सोचा लोकांच्या तोंडी हापूस झाला. याच मालिकेतील मानकुरादाचे नाव ‘रंगाने उणा’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आल्याचे मानले जाते. सालीचा रंग फिका आहे हे नावातच कबूल करून गोमंतकीयांनी ते फळ हापुसाच्याही वर मानले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे जगाच्या बाजाराने नेमकी याच्या उलट निवड केली.

ती निवड अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात झाली आणि तिची सुरुवात मुंबईहून गेलेल्या कलमांपासून झाली. १८८९ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने मुंबईहून कलमी आंब्यांची झाडे मागवून फ्लोरिडात लावली. १८९४-९५ च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीतून त्यांतील एकच बचावले, आणि ते लेक वर्थ येथील एल्ब्रिज गेल यांच्याकडचे मलगोबाचे कलम होते. १८९८ मध्ये त्याला फळे आली तेव्हा तेथील बागायतदारांना आंबा म्हणजे काय याचा प्रथमच प्रत्यय आला. तोवर त्यांच्या परिचयाचा आंबा वेस्ट इंडीजकडून आलेला, धागेदार आणि उग्र वासाचा होता, इतका की त्याचे नावच ‘टर्पेंटाइन’ पडले होते. निवृत्त सेनाधिकारी कॅप्टन जॉन हेडन यांनी १९०२ मध्ये या मलगोबाच्या कोयी कोकोनट ग्रोव्ह येथे रुजवल्या. पुढच्याच वर्षी ते वारले, मात्र त्यांतील एका झाडाला १९१० मध्ये लालसर झाक असलेल्या पिवळ्या सालीचे देखणे फळ धरले आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांच्यामुळे ते जगापुढे आले. मलगोबा एकभ्रूणी असल्याने ही कोय आईवर गेली नव्हती. टर्पेंटाइन हाच तिचा बाप असल्याचे पुढे जनुकीय तपासणीत दिसून आले. भारतातील आंबा आणि आग्नेय आशियाच्या कुळातील आंबा यांचा हजारो मैल दूर, कोणी न ठरवता झालेला हा संकर म्हणजे आजच्या जागतिक आंबा व्यापाराचा मूळपुरुष होय.

हेडनच्या संततीत ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’ निघाला. फ्लोरिडातील आंबा बागायतदारांच्या संघटनेने १९५०च्या दशकात या जातीला मान्यता नाकारली होती, कारण फळात धागा अधिक आणि चव सामान्य होती. तरीही साल जाड, रंग गडद, हाताळणीत सहज न दबणारे, करपा रोगाला बऱ्यापैकी दाद न देणारे आणि पिकल्यावरही पुष्कळ दिवस टिकणारे हे फळ व्यापाऱ्यांना हवे तसेच होते. आज अमेरिका आणि युरोपातील लाखो लोक ज्याला आंबा समजतात तो हाच, किंवा फ्लोरिडातच निवडलेले ‘केंट’ आणि ‘कीट’ हे त्याहून रसाळ आंबे. जपानच्या मियाझाकी प्रांतातील, लिलावातील किमतीमुळे भारतीय वृत्तपत्रांतही गाजलेला लाल आंबा हासुद्धा मूळचा फ्लोरिडाचा ‘आयर्विन’ आहे, म्हणजे हेडनच्या नातवंडांपैकी एक. फरक असा की, तेथील शेतकरी प्रत्येक फळाला जाळी बांधून ते देठापासून आपोआप सुटण्याची वाट पाहतात आणि वजन व गोडी यांच्या कसोटीला उतरलेलेच फळ सर्वोच्च दर्जाचे म्हणून विकतात. मुंबईहून गेलेल्या एका कलमाच्या वंशाने निम्मे जग व्यापावे आणि त्या वंशातून मुंबईच्या आंब्याची चवच गळून जावी, हा या इतिहासातील सर्वांत खेदजनक भाग आहे.

जगाच्या एकूण उत्पादनातील सुमारे ४० टक्के आंबा भारतात पिकतो आणि हे उत्पादन वर्षाला २ कोटी टनांच्या घरात जाते. मात्र ताज्या फळाच्या रूपाने देशाबाहेर जाणारा आंबा त्याच्या १ टक्काही भरत नाही. याउलट भारताच्या मानाने कितीतरी कमी पिकवणारा मेक्सिको वर्षाला सुमारे ४ लाख टन आंबा निर्यात करतो, आणि त्यातला बहुतांश ट्रकांनी सीमा ओलांडून अमेरिकेत जातो. हे भारताचे अपयश आहे असे सरसकट म्हणणे योग्य नाही. आंबा हे येथे घराघरांत खाल्ले जाणारे फळ आहे, आणि ज्याला गावातच गिऱ्हाईक आहे ते फळ परदेशी धाडण्याची निकड कमी असते. शिवाय ताजा आंबा टिकत नसल्याने आंब्याचा दूरचा व्यापार पूर्वीपासून वेगळ्या रूपात चालत आला आहे: चौदाव्या शतकात इब्न बतुताला सोमालियाच्या मोगादिशू बंदरात जेवणासोबत आंब्याचे लोणचे वाढले गेले, आणि इराकमध्ये व इराकी ज्यूंच्या वस्त्यांत खाल्ल्या जाणाऱ्या कैरीच्या आंबट-तिखट कालवणाचे ‘अम्बा’ हे नाव मराठी ‘आंबा’ या शब्दावरूनच, मुंबईतील बगदादी ज्यू व्यापाऱ्यांच्या द्वारे तेथे पोहोचले असे मानले जाते. आजही भारतातून ताज्या फळापेक्षा डबाबंद गरच वजनाने अधिक बाहेर जातो.

ताज्या फळाच्या वाटेतील खरा पहारेकरी म्हणजे फळमाशी. ही माशी पिकत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतल्या आत गर खातात, आणि बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या एका पेटीतून ती नव्या देशात शिरू शकते. म्हणून आयात करणारे देश फळावर कीडनाशाची प्रक्रिया सक्तीची करतात. मेक्सिकोतील आंबा अमेरिकेला जाण्यापूर्वी ४६.१ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात फळाच्या आकारानुसार ६५ ते ११० मिनिटे बुडवून ठेवला जातो. जाड सालीचे फळ ही आंच सोसते, पातळ सालीच्या नाजूक फळाची ती परीक्षाच ठरते, आणि टॉमी अ‍ॅटकिन्सचे राज्य का टिकले याचे एक उत्तर या गरम पाण्याच्या हौदात आहे. जपान गरम वाफेची प्रक्रिया मागतो. अमेरिकेने भारतीय आंब्याला जवळजवळ १८ वर्षे बंद ठेवलेले दार २००७ मध्ये उघडले ते विकिरणाच्या अटीवर, आणि त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे, मुळात कांद्यासाठी उभारलेले, भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र कामी आले. या प्रक्रियेत गॅमा किरणांची ठरावीक मात्रा फळातून जाऊ दिली जाते, त्यामुळे अंडी-अळ्यांची वाढ खुंटते. युरोपीय संघाने फळमाशीच्याच कारणावरून १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली, आणि २०१५ च्या आरंभी ती पुन्हा सुरू झाली. या मधल्या एका हंगामात लंडनच्या मराठी आणि गुजराती वस्त्यांतील दुकानांत हापुसाच्या आणि केसरच्या पेट्या आल्या नाहीत, आणि त्याची झळ त्या दुकानांच्या मालकांना कमी, एका हंगामावर वर्षभराचा संसार चालवणाऱ्या बागायतदाराला अधिक पोहोचली.

सालीच्या निवडीनंतर व्यापाराने घडवलेला दुसरा बदल कॅलेंडरचा आहे. आंब्याला मोहोर येण्यासाठी झाडाची वाढ काही काळ थांबावी लागते, आणि निसर्गात हे काम थंडी किंवा कोरडे दिवस करतात. फिलिपिन्समधील शेतकरी पूर्वी झाडाखाली दिवसच्या दिवस धूर करून मोहोर आणत. १९७०च्या दशकात तेथील फलोद्यानशास्त्रज्ञ रॅमॉन बार्बा यांनी पोटॅशियम नायट्रेट या स्वस्त क्षाराची सौम्य फवारणी केल्यास फिलिपिन्समधील जातींना थोड्याच दिवसांत मोहोर फुटतो हे दाखवून दिले, आणि आपल्या शोधातून पैसा न कमावता तो शेतकऱ्यांना मोकळा ठेवला. पुढे त्यांच्या देशाने त्यांना राष्ट्रीय शास्त्रज्ञ हा सन्मान दिला, तो सर्वस्वी योग्य होता. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात, पेट्रोलिना आणि जुआझेरो या शहरांभोवतीच्या कोरड्या मुलखात, पाणी तोडून आणि वाढरोधक वापरून बागेचा जवळजवळ हवा तो तुकडा हव्या त्या महिन्यात फळवला जातो. हेच वाढरोधक, पॅक्लोब्युट्राझोल, कोकणात ‘कल्टार’ या नावाने परिचित आहे. ते मुळाशी दिल्याने पालवीचा जोर ओसरतो आणि एक वर्षाआड फळणारा हापूस दरवर्षी मोहोरतो, मात्र मात्रा आणि खत-पाणी सांभाळले नाही तर झाड दमते, हे कोकणातल्या जाणत्या बागायतदारांना ठाऊक आहे. पेरूचा केंट डिसेंबर ते मार्च, पश्चिम आफ्रिकेचा त्यानंतर, मग मेक्सिकोचा, शेवटी स्पेन आणि इस्राएलचा, अशा साखळीमुळे युरोपातील दुकानांत आंबा बाराही महिने असतो आणि त्याची वाट पाहणे ही गोष्टच उरत नाही.

कोकणातील बागेत मात्र वाट पाहणे हाच व्यवसाय आहे. पाऊस लांबला की पालवी येते आणि मोहोर मागे पडतो, मोहोरावर ढगाळ हवा आली की तुडतुडा वाढतो, फळ तयार होत असताना उष्मा चढला तर वाढ अर्धवट राहते, आणि एवढ्यातून वाचलेल्या फळातही कापल्यावर पांढरा, आंबट, स्पंजासारखा साका निघू शकतो, जो सालीवरून ओळखता येत नाही. जाळीच्या झेल्याने देठासह अलगद काढलेला, चीक न सांडू देता पेटीत गवतावर रचलेला हा आंबा विमानाने पाठवावा तर भाडे अवाजवी होते, जहाजाने पाठवावा तर दिवस फार लागतात. २०२२ मध्ये नवी मुंबईतील वाशीहून केसर आंबा समुद्रमार्गे अमेरिकेला पाठवण्याचा प्रयोग यशस्वी झाला, ही आशेची गोष्ट खरी. पण केसर हे हापुसापेक्षा सोशिक फळ आहे.

२०११च्या सुमारास कोकणातून हापुसाची कलमे आफ्रिकेतील मलावी देशात नेण्यात आली. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तेथे ऋतू उलटे आहेत, आणि त्या झाडांचा आंबा अलीकडे नोव्हेंबर-डिसेंबरात विमानाने वाशीच्या बाजारात उतरतो. कोयीने नव्हे, कलमाने गेल्यामुळे तो हापूसच राहिला आहे, साल तशीच पातळ, वास ओळखीचा. वाशीच्या गाळ्यावर त्याच्या पेट्या उघडल्या जात असतात तेव्हा देवगडच्या कातळावरील बागांत पहिल्या मोहोरावर फवारणी चाललेली असते.