जुना गेम आधी खेळावा

एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ हा २००६ सालचा गेम नव्या रंगरूपात बाजारात आला आणि अनेक तरुणांना पहिल्यांदाच कळले की आपण ज्या ‘स्कायरिम’चे नाव ऐकत आलो, तो एका तीस वर्षे जुन्या मालिकेतला आहे. ‘द एल्डर स्क्रोल्स’ हे तिचे नाव. ‘अरीना’ १९९४ चा, ‘डॅगरफॉल’ १९९६ चा, ‘मोरोविंड’ २००२ चा, मग ऑब्लिव्हियन आणि २०११ मध्ये स्कायरिम, असे तिचे पाच मुख्य भाग. सहाव्याची घोषणा जून २०१८ मध्ये झाली. तो अजून यायचा आहे. तलवारी, मंत्रविद्या आणि अनोळखी राज्यांच्या या जुन्या दुनियेत आता शिरावे की नव्याची वाट पाहावी, हा प्रश्न त्यामुळे आज खेळणाऱ्यांपुढे आहे. माझे मत स्पष्ट आहे: जुनेच आधी खेळावे. महाड-पोलादपूरच्या मुलामुलींनी तर नक्कीच. हे जुने गेम त्यांच्या परिस्थितीत बसतात, आणि खेळणाऱ्याकडून जे मागतात ते मागायचे नव्या गेमांनी बहुतेक सोडून दिले आहे.

आधी यंत्राचा हिशेब पाहू. नव्या ऑब्लिव्हियनला किमान १६ जीबी रॅम, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि डिस्कवर सुमारे १२५ जीबी मोकळी जागा लागते. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल रिचार्जवर तो उतरवायचा तर दोन महिने दुसरे काही पाहायलाच नको. महाड शहरात घरी ब्रॉडबँड असेल त्याचे निभेल. कुडपण-उमरठच्या बाजूला, डोंगराआड रेंज येते-जाते तिथे, तो विचार सोडूनच द्यावा लागतो. मोरोविंडला मात्र ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १ जीबी जागा पुरायची. डिप्लोमासाठी घेतलेला, ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉपही तो सहज चालवतो. एका दिवसाच्या डेटात तो उतरतो आणि खेळताना नेट लागत नाही. मुसळधार पावसात लाइट जाते, टॉवर बंद पडतो, तेव्हा बॅटरी आहे तोवर हा गेम चालू राहतो. शिवाय तो हवा तिथे थांबवता येतो. मोबाइलवरचा बीजीएमआयचा सामना असा थांबत नाही. आईने हाक मारली तरी उठता येत नाही, कारण बाकीचे तिघे साथीदार अडकलेले असतात. घरात भांडणे होतात ती बहुतेक वेळा खेळण्यावरून नव्हे, या न उठण्यावरून होतात. जिथे हवे तिथे सेव्ह करून उठता येणारा गेम घरातल्या माणसांच्या दृष्टीने किती वेगळा असतो, हे पालकांनी एकदा समजून घ्यायला हवे.

पण केवळ परवडतो म्हणून खेळावा, एवढाच माझा मुद्दा असता तर हा लेख लिहिला नसता. मोरोविंडमध्ये कुठे जायचे हे दाखवणारा बाण नाही. तुम्ही कैदेतून सुटून एका बंदरावरच्या लहान गावात उतरता, हातात एक पाकीट असते आणि ते बाल्मोरा नावाच्या शहरातल्या एका माणसाला नेऊन द्यायचे असते. तो कुठे राहतो हे शहरात विचारत जायचे. पुढची कामेही अशीच: पूल ओलांडा, ओढ्याच्या कडेने वर जा, दोन रस्ते फुटतात तिथे डावीकडे वळा, टेकडीच्या पलीकडे गुहेचे तोंड दिसेल. पोलादपूरच्या आतल्या एखाद्या वाडीवर जायचे तर आपण अशीच वाट विचारतो, आणि सांगणारा अशाच खुणा देतो. गेममध्ये क्वचित सांगणाऱ्याचेच चुकलेले असते. मग भोवतालचा मुलूख नीट पाहून स्वतःच शोधावे लागते. चार वर्षांनी आलेल्या ऑब्लिव्हियनमध्ये होकायंत्रावर खूण आली आणि खेळणाऱ्याची नजर त्या खुणेवर खिळली. आजूबाजूचे रान पूर्वीपेक्षा सुंदर झाले, पण ते पाहायचे कारणच उरले नाही. त्यानंतर आलेल्या बहुतेक मोठ्या गेमांनी हीच वाट धरली. खेळणाऱ्याने ऐकावे, वाचावे, लक्षात ठेवावे आणि मग पाऊल टाकावे, ही अपेक्षा जुन्या गेमात आहे. तिच्यासाठीच तो खेळण्यासारखा आहे.

त्याहून मोलाची गोष्ट कथेत आहे. मोरोविंडची सगळी कथा एका प्राचीन सेनानीच्या मृत्यूभोवती फिरते. देवळाची अधिकृत परंपरा एक सांगते. देवळातून फुटून निघालेले पुजारी आणि राखेच्या माळरानावरच्या टोळ्या दुसरेच सांगतात. गेममधल्या पुस्तकांत आणखी निराळे वृत्तांत सापडतात. खरे काय घडले हे गेम शेवटपर्यंत ठणकावून सांगत नाही. तुम्ही खरोखर त्या वीराचा पुनर्जन्म आहात की राजकारणासाठी तसे ठरवले गेला आहात, हेही उघडे ठेवतो. पोलादपूरच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. शिवछत्रपतींच्या हयातीत ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी याच गावात आहे. इथून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड, जिथे १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाची भेट झाली. ती घटना परमानंदांच्या संस्कृत काव्यात एका तऱ्हेने येते, अज्ञानदासाच्या पोवाड्यात दुसऱ्या आणि १६९७ मध्ये जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत तिसऱ्या. मुख्य घटना एकच, पण तपशील, भर आणि हेतू निरनिराळे. कोण सांगतो, कधी सांगतो आणि कोणासाठी सांगतो, हे विचारल्याशिवाय इतिहास वाचता येत नाही. ही सवय लावणारी करमणूक फार थोडी आहे. जी आहे ती परदेशातून आली म्हणून दूर ठेवण्यात अर्थ नाही.

जुन्या गेमांविरुद्ध पहिला आक्षेप साधा असतो: ते दिसायला ओबडधोबड आहेत आणि हाताळायला कंटाळवाणे. हे खरेच आहे. मोरोविंडमध्ये सुरुवातीला तलवार शत्रूला लागलेली डोळ्यांना दिसते आणि तरी घाव बसत नाही, कारण आत अजून फाशांचे गणित चालू असते. माणसे लाकडी चालतात. पहिले काही तास चिडचिड होते आणि तिथेच बहुतेक जण सोडतात. त्यावर उपाय आहे: जे शस्त्र चालवायचे त्याचेच कौशल्य सुरुवातीला निवडावे आणि दमलेल्या अवस्थेत लढू नये. एवढे केले तरी निम्मा त्रास जातो. चित्रांच्या बाबतीत स्वयंसेवकांनी तयार केलेले ‘ओपनएमडब्ल्यू’ नावाचे मोफत इंजिन आजच्या संगणकावर तो गेम अधिक नीट चालवते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने एवढे इंग्रजी कसे वाचायचे? माझ्या मते इथे जुनाच भाग सोयीचा पडतो. स्कायरिममध्ये पात्रे अनोळखी उच्चारांत भराभर बोलून निघून जातात. मोरोविंडमधले संभाषण मात्र बहुतेक लिखित आहे, पडद्यावर थांबून राहते, आणि त्यातल्या ठळक शब्दावर क्लिक केले की त्याविषयी आणखी विचारता येते. शब्दकोश जवळ ठेवून आपल्या गतीने ते वाचता येते. मालिका मराठीत उपलब्ध नाही ही उणीव आहेच, आणि तिची भरपाई होईल असे मी म्हणणार नाही.

वेळेचा आक्षेप घरोघरी ऐकू येतो आणि तो टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमच्या व्यसनाला विकार म्हणून जागा आहे; ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोही अनेक घरे कर्जात गेल्यावर. पण सर्व गेम एका पारड्यात टाकल्याने मुलाचे भले होत नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस, मित्राच्या पुढे राहायचे तर खरेदी, हरलो तर लगेच पुन्हा एक डाव, ही रचना माणसाला बांधून ठेवण्यासाठीच केलेली असते. एकदा किंमत देऊन घेतलेल्या २००२ च्या गेममध्ये यातले काही नाही. त्याला शेवट आहे, आणि दोन आठवडे उघडला नाही म्हणून काही गमवावे लागत नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज मोबाइलवर जी किरकोळ खरेदीची रीत रुजली आहे, तिचे एक कुप्रसिद्ध सुरुवातीचे उदाहरण याच मालिकेतले आहे. एप्रिल २००६ मध्ये ऑब्लिव्हियनच्या खेळाडूंना घोड्यासाठी केवळ शोभेचे चिलखत अडीच डॉलरला विकले गेले. लोक संतापले, तरी कंपन्यांनी धडा उलटा घेतला. म्हणूनही मी त्या आधीच्या भागाकडे बोट दाखवतो. मोरोविंडचे आकर्षण तरी अनावर होऊ शकतेच. मुख्य कथाच चाळीस-पन्नास तासांची आहे, तेव्हा बारावीच्या वर्षात तो सुरू करू नये.

मालिका पहिल्यापासूनच खेळावी, असा हट्ट काहींचा असतो. इथे त्याची गरज नाही. प्रत्येक भागाची कथा स्वतंत्र आहे. स्कायरिम तर ऑब्लिव्हियननंतर दोनशे वर्षांनी घडतो. पोलंडच्या ‘द विचर’सारख्या मालिकेत एकाच नायकाची गोष्ट तीन भागांत पुढे जाते, तिथे क्रमाला अर्थ आहे. अरीना आणि डॅगरफॉल कंपनीने अनुक्रमे २००४ आणि २००९ मध्ये मोफत खुले केले, तेव्हा पाहायला पैसे पडत नाहीत. पण डॅगरफॉलमधली सुमारे १५,००० ठिकाणे बहुतांशी सूत्राने जुळवलेली आहेत आणि थोड्या वेळाने सगळी सारखीच भासू लागतात. मोरोविंडचे बेट माणसांनी हाताने रचलेले आहे, हे पहिल्या तासातच जाणवते. त्याच्या डिस्कबरोबर ते रचण्याचे साधनही खेळणाऱ्यांना दिले होते. त्यावर आजही जगभरातले हौशी लोक मुख्य भूमीचे नवे प्रदेश बांधत आहेत. लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात जाणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यांसाठी हा फार मोठा ठेवा आहे, कारण ओपनएमडब्ल्यूचा सगळा कोड वाचायला खुला आहे. भारतीय पुराणकथांवरचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केला. रायगडाची चढण आणि हिरकणीचा कडा कुणीतरी याच तऱ्हेने उभा करायचा असेल, तर हस्तकौशल्याचे जुने नमुने उघडून पाहणे ही त्याची पहिली पायरी आहे.

आणि हे नमुने कायम मिळतील असे गृहीत धरू नये. २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तिथे प्रसिद्ध झालेल्या गेमांपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात विकत मिळत नाहीत असे दिसले. मोरोविंड अजून मिळतो, सवलतीच्या दिवसांत काही शे रुपयांत मिळतो. पेनड्राइव्हवरून आलेली चोरटी प्रत घेण्याचेही मग कारण राहत नाही. दहा-बारा तास देऊन पाहावे. मन रमले तर पुढे जावे, नाही रमले तर बिनदिक्कत बंद करावा. तो पूर्ण केलाच पाहिजे असे काही नाही. पालकांनी वेळ जरूर बांधून द्यावी, पण त्याबरोबर मूल कोणता गेम खेळते हेही विचारावे. सहाव्या भागासाठी थांबण्याचे मात्र काही कारण नाही.