भरपाईचा पैसा कोणाच्या ताटात?

अफूपासून, तसेच तिच्या धर्तीवर कृत्रिमरीत्या बनविलेली वेदनाशामके कर्करोगाच्या रुग्णाला वरदान ठरतात. हीच औषधे कंबरदुखी, सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने लिहून दिली की काय होते, हे अमेरिकेने १९९६ नंतर भोगले. व्यसन लागण्याची भीती फारशी नाही, असे कंपन्यांनी डॉक्टरांच्या गळी उतरविले. गोळ्या मिळेनाशा झाल्यावर अनेक जण हेरॉइनकडे, पुढे फेंटॅनिलकडे वळले. २०२२ या एकाच वर्षी अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने तेथे एक लाखाहून अधिक माणसे दगावली.

राज्यांनी व शहरांनी कंपन्यांना न्यायालयात खेचले. २०२२ मध्ये तीन बडे औषध वितरक व जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याबरोबर २,६०० कोटी डॉलरची तडजोड झाली. इतर तडजोडी धरता हा आकडा ५,००० कोटींच्या पुढे जातो. मग हा पैसा जातो कोठे?

नॉर्थ कॅरोलायना राज्याचे उदाहरण पाहू. तेथे २०३८ पर्यंत सुमारे १५० कोटी डॉलर येणार आहेत. त्यातील १५ टक्के राज्य सरकारकडे राहतात. ८५ टक्के काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे घटक, व काही शहरे यांच्याकडे जातात. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. खर्चापूर्वी ठराव करावा लागतो. दरवर्षी अहवाल द्यावा लागतो आणि तो नागरिकांना पाहता येतो. खर्चाची यादीही ठरलेली आहे : मेथाडोन वा ब्युप्रेनॉर्फिनने उपचार, श्वास मंदावलेल्याला वाचविणारे नॅलोक्सोन, तुरुंगातील व्यसनींवर उपचार, बरे होणाऱ्यांसाठी निवारा व रोजगार.

एवढी बंधने कशाला, असे कोणी विचारील. उत्तर इतिहासात आहे. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांना २५ वर्षांत २०,६०० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. तंबाखू सोडविण्यावर त्यातला फारच थोडा हिस्सा खर्च झाला. बाकीचा अंदाजपत्रकातील खड्डे बुजविण्यात गेला. आताही टेनेसीतील ग्रीन काउंटीने या नव्या निधीतून वीस लाखांहून अधिक डॉलर जुने कर्ज फेडण्याकडे वळविले. औषध एकाला आणि पथ्य दुसऱ्याला, असा हा प्रकार!

नॉर्थ कॅरोलायनाची पद्धत त्या मानाने बरी. पण आमच्या मते ती पुरेशी नाही. अहवाल खर्च झाल्यावर येतो. तोवर पैसा गेलेला असतो. शिवाय पूर्वी सरकारी तिजोरीतून होणारा खर्च या निधीवर ढकलला, तर कागद स्वच्छ दिसतो. पण रुग्णाला नवे काहीच मिळत नाही. यावर उपाय एकच : निर्णय घेणाऱ्या मंडळात व्यसनातून बाहेर आलेली माणसे व ज्यांच्या घरचे गेले ती कुटुंबे असावीत, आणि त्यांना नुसते बसायला खुर्ची न देता मताचा अधिकार द्यावा. दर वर्षी एकच हिशेब मागावा : किती नव्या रुग्णांना उपचार मिळाले व किती जण वर्षभर उपचारावर टिकले?

प्रत्येक डॉलरमागे कोणाचे तरी गेलेले मूल आहे. असा पैसा उपचाराऐवजी रस्त्यात, इमारतीत वा कर्जात जिरला, तर ती त्या घरांची दुसऱ्यांदा झालेली फसवणूक ठरेल.