आमचा फोन, मेहुण्याचा कान

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारी माणसं मी जन्मभर पाहत आलो. पण दुसऱ्याच्या कानावर आपला फोन ठेवण्याची सोय निघेल, असं काही मला वाटलं नव्हतं. ती निघाली. तिला कॉल फॉरवर्डिंग म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते मी मुद्दामच शोधलेलं नाही. एकदा का मराठी नाव मिळालं, की ती घरची होऊन बसेल आणि मग तिला बाहेर काढणं कठीण. तूर्त पाहुणी आहे तोवरच दारात उभी करून तिला चार शब्द सुनावलेले बरे.

आधीच सांगून ठेवतो, मी यंत्रांचा वैरी नाही. घरातला मिक्सर मी स्वतः दुरुस्त करतो. (त्यानंतर सौभाग्यवती तो दुकानात पाठवते, हा भाग निराळा.) विजेचं बिल फोनवर भरतो, रेल्वेचं तिकीट फोनवर काढतो, नातवंडांचे फोटो बोटांनी मोठे करून पाहतो. माझं भांडण आहे ते फक्त एका सेटिंगशी, आणि त्यातल्याही पहिल्या ओळीशी. भांडण का, ते ऐका आणि मग मला खुशाल जुनाट म्हणा.

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता आठ दिवस कोकणात जायला निघालो. ज्या गावी जायचं होतं तिथं मोबाईलची रेंज एका फणसाच्या झाडाखाली येते, आणि तीही वारा नसला तर. हे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, मग तुम्हाला फोन केला तर लागायचा कसा? फॉरवर्ड करून ठेवू या."

"कुणाकडे?"

मी एवढं विचारायचा अवकाश, आतून सौभाग्यवतीनं आपल्या धाकट्या भावाचं नाव सुचवलं. तीस वर्षांत या बाईनं कुठल्याही प्रश्नाला इतक्या चटकन उत्तर दिलेलं मला आठवत नाही. आमचे हे मेहुणे कऱ्हाडला असतात. निवृत्त आहेत, आवाज खणखणीत आहे आणि वेळ भरपूर. भाच्यानं माझा फोन घेतला. फोनचं ॲप उघडलं, कोपऱ्यातली तीन टिंबं दाबली, सेटिंग्जमध्ये शिरला, तिथून कॉलिंग अकाउंट्स, तिथून सिम कार्ड, तिथून कॉल फॉरवर्डिंग. (दुसऱ्या कंपनीच्या फोनात हीच वाट निराळ्या गल्लीबोळांतून जाते म्हणे.) मेहुण्याचा नंबर घातला, ठीक आहे दाबलं, "झालं!" म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. एकूण वेळ दीड मिनिट. घर गहाण टाकायलासुद्धा याहून अधिक वेळ लागतो आणि चार सह्या कराव्या लागतात.

आता त्या ठिकाणी काय असतं ते मला नंतर कळलं, तुम्हाला आधीच सांगतो. तिथं चार ओळी असतात. पहिली : नेहमीच फॉरवर्ड करा. दुसरी : तुम्ही दुसऱ्याशी बोलत असाल तर करा. तिसरी : तुम्ही उचलला नाही तर करा. चौथी : तुम्ही आवाक्याबाहेर असाल तर करा. या चार ओळी म्हणजे चार स्वभाव आहेत. चौथी ओळ सज्जन. मालक घरी नसला तरच ती शेजाऱ्याला हाक मारते. तिसरीसुद्धा सभ्यच म्हणायची, घंटा वाजू देते. पाच सेकंदांपासून तीस सेकंदांपर्यंत थांबण्याची मर्यादा तिला घालता येते. (आमच्या गुडघ्यांना तीस कमी पडतात, पण तो तक्रारीचा दुसरा विषय.) दुसरी जरा घाईची. आणि पहिली? पहिली तुमच्या घरी घंटाच वाजू देत नाही. तुम्ही फोन हातात घेऊन, डोळे लावून बसलेले असलात तरी तिकडचा माणूस परस्पर कऱ्हाडला जातो. रेंज नसलेल्या गावासाठी हवी होती चौथी. भाच्यानं लावली पहिली. कारण? "ती वरती होती." तरुण पिढी सगळ्या गोष्टी वाचून करते हा आपला समज आहे, ती फक्त वरच्या ओळीपर्यंत वाचते.

कोकण छान होतं. आठ दिवसांनी आम्ही पुण्यात परत आलो, आणि माझा फोन मुका झाला.

मुका म्हणजे पूर्ण मुका नव्हे, तीच तर खरी मेख. मी कुणालाही फोन करू शकत होतो. बँकेचे संदेश येत होते. व्हॉट्सॲपवर सकाळच्या फुलांचे ताटवे बिनचूक उगवत होते, कारण ते या फॉरवर्डिंगला मोजत नाही, त्याचा कारभार इंटरनेटवर वेगळा. फक्त साधी, ट्रिंग ट्रिंग करणारी घंटा वाजेना. पहिले दोन दिवस बरं वाटलं. चार दिवसांनी मी फोनचा आवाज तपासला. आठव्या दिवशी मी मानवी संबंधांच्या क्षणभंगुरतेवर सौभाग्यवतीला एक छोटेखानी व्याख्यान दिलं. निवृत्त माणसाला जग विसरतं, हे पुस्तकात वाचलेलं आता पटू लागलं होतं. फोनच्या माथ्यावर एक चिमुकला बाण दिसत होता खरा, पण तो फोन चार्जिंगला लावायची खूण असेल असं समजून मी त्याला रोज रात्री भक्तिभावानं चार्ज करत होतो. असे एकोणीस दिवस गेले.

विसाव्या दिवशी मेहुणे एका लग्नासाठी पुण्याला आले. चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि ती माझ्यापुढे ठेवत अत्यंत अभिमानानं म्हणाले, "दाजी, हे घ्या तुमचे फोन."

त्या माणसानं एकूण एक फोन उचलला होता. तारीख, वेळ, नाव, मजकूर, रकाने आखून. 'गॅसवाला. खाली उभा आहे म्हणाला. घरी कोणी नाही, असे सांगितले.' त्या वेळी मी घरी सोफ्यावर झोपलो होतो आणि सिलिंडर माझ्या खिडकीखालून परत गेला होता. 'सोसायटीचे सेक्रेटरी. रंगकामाची जादा वर्गणी. दाजींची हरकत नसावी, असे सांगितले.' माझी हरकत होती. वर्षभर मी ती हरकत तेल लावून जपली होती. 'विम्याच्या बाई. फार चांगल्या बोलतात. पुन्हा करणार आहेत.' 'चुलत बंधू. मुलीच्या स्थळाबाबत. उंचीचे विचारले, पाच फूट सात इंच सांगितले.' मुलगी पाच फूट दोन इंच आहे. "तुम्ही मला कळवलं का नाहीत?" मी ओरडलो. "म्हणजे काय? एवढं विश्वासानं सोपवलंत, म्हटलं रोज रोज त्रास कशाला द्यायचा? एकदमच हिशेब देऊ!" यावर काय बोलणार? सौभाग्यवतीचे डोळे तर भावाच्या कौतुकानं भरून आले होते.

आणि त्याच वहीत, तीन वेगवेगळ्या तारखांना, एक नाव होतं. माझ्या शाळेतल्या मित्राचं. हा साताऱ्याला असतो, साधा बटणांचा फोन वापरतो, व्हॉट्सॲपच्या वाटेला गेलेला नाही. पहिली नोंद आमच्या कोकणच्या मुक्कामातली. दुसरी आम्ही परतल्यानंतरची. तिसरी अशी होती : 'रात्री ९.१०. साताऱ्याचे मित्र. दाजींशी बोलायचे होते. उद्या बायपास आहे. बाकी विशेष काही नाही, म्हणाले.'

ती तारीख उलटून नऊ दिवस झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं साताऱ्याला गेलो. तो सुखरूप होता, उशाला टेकून बसला होता. मला पाहून म्हणाला, "या साहेब. आज स्वतः आलात? पी.ए.ला पाठवायचं की!" मी सगळं सांगितलं, भाचा, पहिली ओळ, बाण, वही. तो हसला. टाक्यांवर हात दाबून हसला. मग मी विचारलं, "काय बोलायचं होतं रे त्या रात्री?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते त्या रात्रीचं होतं. आता काय त्याचं?" आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. आजतागायत त्यानं ते सांगितलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलेलं नाही.

आता तुम्ही विचाराल, आणि आमच्या घरी विचारलंच गेलं, की तुम्ही का नाही केला त्याला फोन? तुमचा तर लागत होता ना? बरोबर आहे. मी रुसून बसलो होतो. जग मला फोन करत नाही, मग मी तरी का करू, अशा ऐटीत होतो. ती चूक माझी, मान्य. पण रुसण्यासाठीसुद्धा माणसाला खरी माहिती हवी. खोट्या शांततेवर मला कुणी रुसायला लावलं?

भाचा म्हणतो, "मामा, सोय आहे. वापरणाऱ्यानं नीट वापरावी." सोय! दवाखान्यातल्या डॉक्टरनं आपली पाळी संपल्यावर पुढच्या डॉक्टरकडे फोन वळवला, तर ती सोय. दुकानदारानं दुकानाचा फोन घराकडे वळवला, तर सोय. तिथं फोन कामासाठी असतो आणि काम कोणीही करावं. पण घरच्या फोनवर काम कमी आणि माणूस जास्त असतो. आमच्या लहानपणी ट्रंक कॉल लावताना अमुकच माणूस हवा असं सांगता येई. तो माणूस आला तरच पुरा आकार पडे. टेलिफोन खात्याला त्या काळी लाख नावं ठेवली असतील आपण, पण माणसाच्या बदली माणूस चालत नाही, एवढं त्याला समजत होतं.

आणि आमचा तो 'पी.पी.' नंबर! फोनसाठी वर्षानुवर्षं रांगेत असलेले लोक लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापत आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहीत. तेही फॉरवर्डिंगच, पण उलट्या दिशेचं. वाड्यात ज्यांच्याकडे फोन होता त्या काकू गॅलरीत येऊन हाक मारत, "अहो, तुमचा फोन! मुंबईचा!" आणि आपण हातातली तांब्याभांडी टाकून, एका पायात चप्पल घालून धावत सुटायचो. त्या फोन उचलत, पण बोलणं उचलत नसत. (ऐकत असत, तो त्यांचा हक्क होता.) फोन माणसाकडून पळवायचा नाही, माणसाला फोनपर्यंत पळवायचं, ही त्यातली रीत. शिवाय त्यात सेटिंग चालू राहून जाण्याची भीती नव्हती. काकू झोपल्या की बंद.

दुसऱ्याचे फोन तिसऱ्याकडे जाणं किती जुनं दुखणं आहे पाहा. अमेरिकेत कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. कथा अशी सांगतात, की टेलिफोन ऑफिसातली ऑपरेटर बाई याचं गिऱ्हाईक प्रतिस्पर्ध्याला जोडून देई. माणसं मरत होती, पण याच्या वाट्याला येत नव्हती. चिडून त्यानं ऑपरेटरशिवाय आपोआप जोडणी करणारं यंत्रच काढलं आणि १८९१ साली त्याचं पेटंट मिळवलं. म्हणजे आपोआप चालणारं टेलिफोन एक्स्चेंज जन्मालाच आलं ते माझा फोन मलाच यावा या हट्टापोटी! आणि सव्वाशे वर्षं सुधारणा करून त्या यंत्राला आपण काय शिकवलं? तर त्या ऑपरेटर बाईचं काम.

हे चोरांना न कळतं तरच नवल. कुरिअरवाला म्हणून कुणीतरी फोन करतो, पत्ता सापडत नाही, हा आकडा दाबा म्हणतो. त्या आकड्यात स्टार, एकवीस आणि पुढे त्याचाच नंबर असतो. तुम्ही दाबलात की तुमचे फोन त्याच्याकडे. मग तो तुमच्या नावावर व्हॉट्सॲप उघडायला घेतो आणि पडताळणीचा आकडा फोन करून सांगा म्हणतो. फोन त्यालाच जातो. *४०१# चा आकडा वापरून हे प्रकार इतके वाढले, की १५ एप्रिल २०२४ पासून त्या वाटेनं फॉरवर्ड लावण्याची सोय बंद करा, असं दूरसंचार विभागानं कंपन्यांना सांगितलं. छान केलं. पण सेटिंगमधली पहिली ओळ आहे तिथंच आहे, भाच्यांच्या सेवेला हजर. आणि फॉरवर्डची नोंद हँडसेटमध्ये नसते, कंपनीच्या जाळ्यात असते. म्हणून फोन बंद करा, बदला, विहिरीत टाका, ती तशीच राहते. माझं मागणं फार नाही. पहिली ओळ शेवटी न्यावी. ती लावली असेल तर रोज सकाळी कंपनीनं मला एक संदेश पाठवून विचारावं, 'तुमचे फोन अजून कऱ्हाडला जात आहेत, जाऊ देत का?' कॉलर ट्यून घेता का म्हणून दिवसातून चार वेळा विचारणाऱ्यांना हे एक विचारणं जड नाही.

तोवर मी माझी व्यवस्था लावून घेतली आहे. ##००२# दाबून भाच्याकरवी सगळी फॉरवर्डं उडवली. आता रोज सकाळी अंघोळ झाली की देवापुढे निरांजन लावायचं आणि फोनवर *#२१# दाबायचं. 'फॉरवर्ड केलेले नाही' अशी अक्षरं उमटली की मगच चहा. रविवारी साताऱ्याला फोन करतो. तो उचलतो आणि पहिल्यांदा विचारतो, "कोण, तू की मेहुणा?"

मेहुण्यांचा मात्र परवा फोन आला. आवाज पडलेला होता. म्हणाले, "दाजी, हल्ली तिकडून काहीच येत नाही. त्या विम्याच्या बाई पुन्हा करणार होत्या, त्यांचा आला का हो?"