नुसती रिकामी जागा पुरत नाही

गेल्या वर्षी एका अर्जासाठी मला रहिवासाचा दाखला हवा होता. संगणकावर छापून मिळालेल्या कागदावर नाव माझेच. पण पुढे 'हा या गावचा रहिवासी असून तो...'! शहाद्याला तो कागद परत केला गेला. वडिलांची त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्यांना अक्षरओळख नाही. नाव बरोबर असता कागद चुकीचा कसा, हे त्यांना समजावता समजावता मीच विचारात पडले.

दाखला देणारे गृहस्थ म्हणाले होते, "ताई, मजकूर आधीच भरलेला असतो. माझ्या हातात फक्त रिकाम्या जागा." खरी मेख येथेच आहे. इंग्रजीच्या साच्यात गावाचे नाव जसेच्या तसे बसते. मराठीत शहादा 'शहाद्याचा' होतो, धुळे 'धुळ्याचे', आमचे म्हसावद मात्र मुकाट 'म्हसावदचे'. शिवाय मुलगी म्हटली की 'चा'ची 'ची' अन् 'तो'ची 'ती'.

मग अशा साच्याला स्वतःची लहानशी संगणकभाषा हवी का? जाणकारांत दुमत आहे. २००९ ची 'मस्टॅश' पद्धत साच्यात तर्क शक्यतो येऊच देत नाही. उलट पीएचपी १९९५ मध्ये वेबपानांच्या किरकोळ कामासाठी पुढे आली आणि वाढत वाढत पूर्ण भाषा होऊन बसली. अमेरिकेतील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेल्या व २००५ मध्ये सर्वांना खुल्या झालेल्या 'जँगो'ने मधला मार्ग धरला : साच्यात अट घाला, ओळी पुन्हा पुन्हा छापा, पण सगळा प्रोग्राम तेथे लिहू नका.

मला हाच मार्ग पटतो. आपल्या छापील अर्जांत ही भाषा होतीच की! 'लागू नसेल ते खोडावे' ही अट नव्हे काय? त्यासाठी कोणा कारकुनाला प्रोग्रामिंग शिकावे लागले नाही. 'मुलगी असेल तर ही, नाहीतर हा' एवढे मराठीत लिहिण्याची सोय असती, तर त्या गृहस्थांनीच चूक सुधारली असती. 'शहाद्याचा'सारखी रूपे मात्र साच्यात घडवू नयेत. गावांच्या यादीतच प्रत्येक नावाशेजारी ती लिहून ठेवावीत.

संगणक शिकणारा माझा एक मित्र म्हणतो, अशी भाषा फुगत जाते. पीएचपीकडे पाहता त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्या भीतीने सारेच प्रोग्रामरच्या हाती ठेवायचे, तर तो आमच्या गावी सापडायचा कुठे?

त्या गृहस्थांनी शेवटी पेनने 'हा' खोडून 'ही' केले व शेजारी सही केली. खाडाखोड चालत नाही म्हणून तोही कागद परत आला.