फिरते घर आणि आपले वजन

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. अमेरिकेतील मुलगा या उन्हाळ्यात दोघांना तिकडे नेणार आहे. सर्वांनी मिळून हिंडावे म्हणून गाडीच्या मागे जोडावयाचे फिरते घर, म्हणजे ट्रेलर, विकत घेण्याचा त्याचा विचार आहे. यजमानांना कंपवात असून वारंवार लघुशंकेस जावे लागते. हे झेपेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

झेपेल. स्वतःचे शौचालय, ओळखीची शय्या आणि औषधांसाठी फ्रिज बरोबर असणे ही मोठीच सोय होय. मात्र धावत्या ट्रेलरमध्ये बसता वा निजता येत नाही. तेथील बहुतेक राज्यांत ते बेकायदा आहे आणि सर्वत्रच धोक्याचे आहे. सारा प्रवास पुढच्या गाडीतच होणार. त्यामुळे ट्रेलरआधी गाडीचा विचार करावा.

येथेच अनेकांचा हिशेब चुकतो. जाहिरातीत गाडी किती वजन ओढू शकते, तो आकडा ठळक असतो. आपल्या कामाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर असतो : माणसे व सामान मिळून गाडीत किती किलो चालेल, हा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडणीवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो आणि तोही याच आकड्यातून वजा होतो. समजा, चिकटपट्टीवर ६०० किलो आहे आणि भरलेला ट्रेलर २५०० किलोंचा. जोडणीवर ३२५ किलो गेले, उरले २७५. मुलगा, सून व नातू यांचे १७० धरले, तर राहिले १०५. आता आपण दोघे, चाकांची खुर्ची आणि पिशव्या मिळून १४० किलो! ओढण्याची ताकद शिल्लक असूनही गाडी ३५ किलोंनी जड झाली. मग ब्रेक, टायर आणि सुकाणू या तिन्हींवर ताण येतो.

ट्रेलर भरतानाही ओझे मागे सरकू देऊ नये. बैलगाडी उलाळ झाली की काय होते, हे आपल्या पिढीला सांगावयास नको. ट्रेलरचा तोल तसा गेला, तर तो वेगात डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि पुढची गाडीही ओढली जाते.

‘आमचे काय, आम्ही कोठेही मावू,’ असे म्हणण्याची आपल्याला सवय असते. या खेपेस कृपया तसे म्हणू नये. दोघांचे वजन, खुर्चीचे वजन आणि दिवसातून किती वेळा थांबावे लागेल, हे मुलाला आजच कळवावे. ट्रेलरसह गाडी हवी तेथे उभी करता येत नाही. थांबे आधी ठरवावे लागतात. दर दोन तासांनी उतरून चार पावले चालणे रक्ताभिसरणासाठीही हिताचेच. औषधांचा दिवसाचा डबा मात्र पुढच्या गाडीत, हाताशी असावा.

कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल अरुंद दारात अनेकदा खिळून राहते. ट्रेलरचे दार अरुंद असते आणि पायऱ्या उंच. मुलाने दाराची रुंदी व पायरीची उंची मोजून कळवावी. तेवढ्या उंचीच्या पाटावर यजमानांनी इथे घरीच, कोणाच्या तरी आधाराने, चढण्याचा सराव करावा. दाराशी भक्कम धरदांडी हवी. शय्येच्या दोन्ही बाजूंना वाट हवी, म्हणजे मध्यरात्री एकाला ओलांडून दुसऱ्याला उठावे लागणार नाही. आत शेगडी व हीटर असल्याने कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू आहे ना, हे पाहावे. या वायूने होणारी डोकेदुखी आणि मळमळ प्रवासाचा शीण समजून अंगावर काढली जाते.

एक आग्रहाची सूचना. आपण तेथे पोहोचेपर्यंत मुलाने ट्रेलर विकत घेऊ नये. प्रथम तसाच ट्रेलर तीन दिवस भाड्याने घेऊन घराजवळच मुक्काम करावा. यजमान रात्री उठून शौचालयापर्यंत किती आधाराने गेले, हे तीनही रात्री पाहावे आणि मगच खरेदीचे ठरवावे.